एका बिल्ल्यावर दोघे

नोकरी एक आणि माणसे दोन, अशी त्या घराची रीत होती. आणि ती इतकी वर्षे बिनबोभाट चालली होती की तिच्यात काही विचित्र आहे हेच घरच्यांच्या ध्यानातून गेले होते. समुद्रापलीकडच्या देशात खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी करणारा एक कारखाना होता आणि त्या कारखान्यात पंपचालकाची एक जागा होती. ती प्रथम थोरल्या भावाला मिळाली. पुढे आईला पक्षाघाताचा झटका येऊन ती अंथरुणाला खिळली, तेव्हा थोरल्याने ठेकेदाराचे पाय धरून धाकट्यालाही त्याच जागेवर चिकटवले. सहा महिने हा, सहा महिने तो. ठेकेदाराला काय, पंपाशेजारी माणूस उभा दिसला म्हणजे झाले. कारखान्याला तर माणसाशी कर्तव्यच नव्हते. त्यांचा व्यवहार फाटकावर टांगलेल्या, क्रमांक कोरलेल्या बिल्ल्याशी होता. छातीवर बिल्ला लावला की थोरला काय आणि धाकटा काय, हाक त्या क्रमांकाला येई आणि जो असेल तो ओ देई.

दोघांची भेट होई ती विमानतळाबाहेरच्या बाकावर, अर्धा तास. एक उतरलेला, एक निघालेला. घराची किल्ली, औषधांची पिशवी आणि आईच्या प्रकृतीचा गोषवारा एवढे या हातातून त्या हातात जाई. पंपघरातही त्यांना हेच शिकवलेले होते: दुसरा पंप चालू करून त्याने दाब धरल्याखेरीज पहिला बंद करायचा नाही. घरी कधी लग्नाचा विषय निघालाच तर धाकटा म्हणे, ‘‘सहा महिन्यांचा नवरा कोणाला चालणार?’’ त्यावर थोरला म्हणे, ‘‘चालेल रे, एखादीला तेवढाच परवडेल.’’ शेजारच्या निवृत्त शिक्षिका बाई तर दोघांना सूर्य-चंद्र म्हणत. एक उगवला की दुसरा मावळतो, आणि दोघांना एकत्र पाहायचे तर ग्रहण लागायला हवे, असे त्या हसत हसत सांगत.

आणि ग्रहण लागले, पण वेगळेच. साथीची दुसरी लाट आली, विमाने बंद पडली, जो जिथे होता तो तिथे अडकला. अडकायच्या थोडे आधीच पाळी बदलली होती, त्यामुळे थोरला पंपावर आणि धाकटा आईपाशी राहिला. सहा महिन्यांचे अकरा झाले. मग एकदाचे विमानांना परवानगी मिळाली आणि त्याबरोबर नवा नियम आला. लशीच्या दोन मात्रा पूर्ण झालेला प्रवासी विमानतळावरून थेट घरी जाईल. ज्याच्या पूर्ण नसतील तो चौदा दिवस सरकारी विलगीकरण केंद्रात राहील. तिकडे निघणाऱ्याला तर दोन मात्रांशिवाय विमानातच चढता येणार नाही. थोरल्याने नियम दोनदा वाचला आणि निर्धास्त झाला. त्याच्या प्रमाणपत्रावर दोन मात्रांची नोंद होती, शिक्का होता, कारखान्याच्या दवाखान्याची सही होती.

पंपाजवळ आयुष्य गेलेल्या माणसाने तेव्हाच नळीचे दुसरे टोक पाहायला हवे होते. ते त्याने पाहिले नाही.

उतरल्यावर इथल्या विमानतळावरची रांग वाण्याच्या दुकानापुढच्या रांगेसारखी हळूहळू सरकत होती. त्याच्या पुढे एक गवंडी होता. बारा वर्षे परक्यांच्या भिंती बांधून आता घरी निघालेला हा माणूस तोंडावरच्या मुखपट्टीतूनही अखंड बोलत होता.

‘‘माझी एकच मात्रा झालीय,’’ गवंडी म्हणाला. ‘‘चौदा दिवस आत. बायकोला कळवलं तर म्हणते, बारा वर्षं गेली तिथं चौदा दिवसांनी काय होतंय. मला वाटलं रडेल बिडेल.’’

‘‘माझ्या दोन आहेत,’’ थोरला म्हणाला.

‘‘मग तुम्ही राजे हो! आज घरच्या गादीवर झोपाल.’’

थोरल्याने घड्याळ पाहिले. गादीवर झोपण्याची त्याला घाई नव्हती. आईच्या नाकातून पोटात नळी होती आणि दुपारचे पातळ अन्न त्या नळीतूनच द्यावे लागे. अन्न सोडण्याआधी पिचकारीने थोडे मागे ओढून नळी पोटातच आहे ना, हे पाहावे लागे. सरकलेली असली तर अन्न फुप्फुसात जाण्याची भीती. हे काम फक्त दोघा भावांना जमत होते. साथीच्या भीतीने घरी यायला कोणी परिचारिका तयार नव्हती, आणि रुग्णालयांत खाट मिळत नव्हती. शेजारच्या बाई तिच्यापाशी बसून गप्पा मारत, घाम पुसत, पण त्यांचे हात कापत. नळीला हात लावायचा नाही असे भावांनी त्यांना बजावून ठेवले होते. आज दुपारपर्यंत बाई बसणार होत्या. धाकटा सकाळचे देऊन विमानतळावर आला होता आणि वरच्या मजल्यावर निघण्याच्या रांगेत उभा होता. या खेपेला नियमांमुळे बाकावरची भेटसुद्धा नव्हती. किल्ली बाईंकडेच ठेवली होती.

टेबलामागची आरोग्य अधिकारी वयाने लहान होती आणि डोळ्यांवरून फार दिवस नीट झोपलेली दिसत नव्हती. तिने प्रमाणपत्र पाहिले, पारपत्राची पाने उलटली, पुन्हा प्रमाणपत्र पाहिले.

‘‘काका, पहिली मात्रा तुम्ही कुठे घेतली?’’

‘‘कारखान्याच्या दवाखान्यात.’’

‘‘त्या तारखेला तुम्ही या देशात होता. तुमच्या पारपत्रावर तिकडे उतरल्याचा शिक्का त्यानंतर तीन आठवड्यांचा आहे. मग इथे बसून तिकडची लस कशी घेतलीत?’’

थोरल्याने उत्तर द्यायला तोंड उघडले आणि उघडेच ठेवले.

कारण उत्तर त्याला त्या क्षणी प्रथमच कळले. पहिली मात्रा धाकट्याने घेतली होती. तेव्हा बिल्ला त्याच्या छातीवर होता. मग पाळी बदलली, थोरला गेला, आणि महिन्याभराने दवाखान्यासमोर पुन्हा रांग लागली. कंपाउंडरने मान वर न करता बिल्ल्याचा क्रमांक वाचला आणि विचारले, ‘‘कितवी?’’ थोरल्याने शांतपणे सांगितले होते, ‘‘दुसरी.’’ त्यात खोटेपणाचा लवलेश नव्हता. बिल्ल्याची ती दुसरीच होती. इतकी वर्षे बिल्ल्याचा पगार, बिल्ल्याची रजा, बिल्ल्याची चूक, बिल्ल्याची शाबासकी असे सगळे दोघांत एकच मानायची सवय. धाकट्याने मोडलेल्या झडपेबद्दल थोरल्याने बोलणी खाल्ली होती आणि थोरल्याच्या कामाचे बक्षीस धाकट्याने आणले होते. त्याच सवयीने सुई दंडात गेली. बिल्ल्याचे लसीकरण पूर्ण झाले. त्याच्या मागची दोन माणसे मात्र अर्धी अर्धी राहिली. आणि ठेकेदाराच्या कार्यालयातले प्रमाणपत्र काय, बिल्ला ज्याच्याकडे असेल त्याचे नाव छापून बाहेर पडे. गेल्या आठवड्यात पाळी बदलण्याचा आदेश निघाला तेव्हा धाकट्याच्या नावानेही तसेच एक घरी आले होते.

ते आता धाकट्याच्या हातात होते. वरच्या मजल्यावर.

‘‘काका, बोला ना. मागे रांग आहे.’’

‘‘तारीख चुकली असेल लिहिताना,’’ थोरला म्हणाला. जन्मात खोटे बोलायची सवय नसल्याने ते वाक्य त्याच्या स्वतःच्याच कानाला परके वाटले.

‘‘असेल. पण मी हे मान्य करू शकत नाही. बनावट म्हणून नोंदवत नाही, एवढंच तुमच्यासाठी करते. चौदा दिवस केंद्रात राहावं लागेल.’’

‘‘मॅडम, घरी आई आहे. अंथरुणावर. तिला नळीतून अन्न द्यावं लागतं, ते द्यायला दुसरं कोणी नाही.’’

तिने लेखणी खाली ठेवली. ‘‘गंभीर रुग्णासाठी सवलत असते. पण अर्ज वर जातो, दोन-तीन दिवस लागतात. आणि खरं सांगू? तुम्ही तिकडच्या कामगारांच्या छावणीतून आलात. अशा आजारी बाईजवळ तुम्हाला आज मीच जाऊ देणार नाही. तिला एवढासा संसर्गही सोसायचा नाही.’’ मग जरा थांबून तिने विचारले, ‘‘कोणीच नाही दुसरं? भाऊ, बहीण?’’

‘‘भाऊ आहे.’’

‘‘मग झालं की!’’

‘‘तो वर आहे. आज जातोय.’’

‘‘मग त्याला थांबवा, काका. त्यात मला काय विचारता?’’ आणि तिने पुढच्याला हात केला.

अडवलेल्यांना एका लांबट खोलीत बसवले होते. खुर्च्यांमध्ये अंतर, भिंतीवर सूचना, कोपऱ्यात पाण्याचे पिंप. गवंडी आधीच तिथे पाय पसरून बसला होता. ‘‘काय राजे, तुम्हीपण?’’ तो म्हणाला. थोरल्याने फोन लावला.

‘‘दादा! सुटलास का?’’ धाकट्याच्या आवाजात उत्साह होता. ‘‘बाईंचा फोन आला होता. सकाळचं नीट पचलंय. दुपारचं पातेलं झाकून ठेवलंय, फक्त कोमट कर. आणि डाव्या कुशीवर फार वेळ ठेवू नकोस, तिथे कातडी लाल झालीय...’’

‘‘बारक्या, ऐक. मला अडवलंय.’’

थोरल्याने सगळे सांगितले. पलीकडे विमानांच्या घोषणा ऐकू येत होत्या, मुले रडत होती, कोणाची तरी चाकांची बॅग खडखडत गेली. 

‘‘म्हणजे माझंही...’’

‘‘तुझंही. तू दुसऱ्या मात्रेच्या वेळी इथे होतास.’’

‘‘पण मला कोणी विचारलं नाही. माझा कागद बघितला, शिक्का मारला, सामानसुद्धा गेलं. दादा, मी आत आलोय.’’

‘‘मग बाहेर ये.’’

‘‘आणि जागा? उद्या बिल्ल्याला माणूस लागला नाही तर ठेकेदार परवा दुसरा उभा करतो. बाहेर चाळीस जण ताटकळत बसलेत, तूच सांगितलंस. त्यानंतर आईची औषधं कशाने आणायची? पंपाच्या हवेने?’’

‘‘ते नंतर बघू.’’

‘‘नंतर! तुझं नंतर म्हणजे माझ्याच डोक्यावर.’’

‘‘अरे, दुपारी तिच्या पोटात कोण घालणार? बाई? त्यांच्या हातात पेला ठरत नाही!’’

 मग धाकटा बोलला तो आवाज थोरल्याने कधी ऐकलेला नव्हता. भावाभावांत भांडणाचा आवाज माहीत असतो, रडण्याचाही असतो. हा तिसराच होता.

‘‘दादा, मला त्या खोलीत परत पाठवू नकोस. अकरा महिने झाले. आईपाशी तुझे सहाच व्हायचे, तुला नाही कळणार सातवा कसा असतो. मी दर दोन तासांनी उठतोय. झोपेतसुद्धा तिला वळवतो, उशीला धरून. परवा... परवा तिला भरवताना मी नळी तपासलीच नाही. विसरलो नाही. हातात पिचकारी होती आणि मनात आलं, नाही तपासलं तर काय होईल. मी तसाच उभा राहिलो. किती वेळ ते मला माहीत नाही. मग तपासली. काही झालं नाही. पण मी उभा राहिलो होतो, दादा.’’

थोरल्याने फोन दुसऱ्या कानाला लावला आणि गवंड्याकडे पाठ केली.

‘‘म्हणून म्हणतो, मला जाऊ दे. तू काहीतरी कर. तू नेहमी करतोस. डॉक्टरांच्या पाया पड, पळून जा, काहीही कर. मी चाललो.’’ आणि फोन बंद झाला. थोरल्याने पुन्हा लावला, पुन्हा लावला. फोन बंद करून ठेवला होता.

संकटात माणसाला मार्ग दिसत नाही असे म्हणतात, पण थोरल्याला मार्ग स्पष्ट दिसत होता, आणि त्याचीच त्याला दहशत वाटत होती. अधिकारी बाईंना खरे सांगितले की धाकट्याचे प्रमाणपत्र तिथल्या तिथे रद्द होईल. त्याला विमानातून उतरवतील आणि तो घरी जाईल, कारण दुसरीकडे जायला त्याला जागाच नव्हती. त्याच वाक्याने बिल्ला मात्र कायमचा जाईल. कारखान्याला कळले की एका क्रमांकावर दोघे नाचत होते, मग तो क्रमांकच पुसला जाईल. हेही एक वेळ सोसता आले असते. परंतु ज्या माणसाने आत्ताच आपण पिचकारी हातात घेऊन उभे राहिलो असे सांगितले, त्याच्याच हातात ती पिचकारी पुन्हा द्यायची होती, तीही त्याच्या मर्जीविरुद्ध, पाठीमागून गळपट्टी धरून.

आणि गप्प बसले तर? बाई दुपारी जातील किंवा न जाता रडत बसतील. आई उपाशी पडेल. पहिल्या दिवशी कण्हेल, दुसऱ्या दिवशी कण्हणारही नाही. किंवा बाई धीर करून कापऱ्या हातांनी नळीत अन्न सोडतील, आणि ते अधिकच वाईट.

त्याने एकदा खोलीच्या दाराकडे पाहिले. दाराशी सुरक्षारक्षक होता. पलीकडे काच, काचेपलीकडे ऊन आणि टॅक्सी. पळाले तर पंधरा पावलांत पकडले जाऊ, हे उघड होते. आणि समजा निसटलोच, तर छावणीतल्या शेजारच्या खाटेवरचा खोकला आपण आपल्या हाताने आईच्या छातीत नेऊन घालू, हेही तितकेच उघड होते. इकडे आड आणि तिकडे विहीर, एवढ्यावर भागले असते तर माणसाने डोळे मिटून एकीत उडी घेतली असती. इथे दोन्हीकडे दुसऱ्यालाच ढकलायचे होते.

‘‘काय झालंय हो?’’ गवंड्याने हळूच विचारले.

‘‘माझ्या भावाला विमानातून खाली ओढायचंय,’’ थोरला म्हणाला.

गवंडी खुर्चीत पुढे सरकला. ‘‘ओढलंत तर तो तुम्हाला माफ करेल?’’

‘‘नाही.’’

‘‘आणि नाही ओढलंत तर?’’

‘‘तर आई उरणार नाही. मग माफी मागायला तरी कोणाकडे जायचं.’’

गवंड्याने पाय आखडून घेतले आणि थोरल्याला जायला वाट करून दिली. त्याच्यापाशी विनोद उरला नव्हता.

अधिकारी बाईने सगळे ऐकून घेतले. मधे तिने एकदाच टोकले: ‘‘म्हणजे त्या कंपाउंडरने दंड बघितला, चेहरा नाही?’’ मग म्हणाली, ‘‘काका, हे मी ऐकलं की मला पुढे कळवावंच लागेल. तुमचं रद्द, त्याचं रद्द. तिकडे कारखान्यालाही कळेल. तुम्हाला समजतंय ना, तुम्ही काय करताय?’’

‘‘समजतंय. लवकर करा, मॅडम. विमानाची वेळ झालीय.’’

तिने फोन उचलला. थोरल्याने धाकट्याचे पूर्ण नाव सांगितले, हळूहळू, प्रत्येक अक्षर नीट. ते नाव घरात कोणी घेतच नसे. बारक्या म्हणूनच तो वाढला होता. त्या परक्या दालनात पूर्ण नावाने ओळखला जाताच तो जणू कोणी अपराधी झाला.

केंद्राकडे जाणारी बस विमानतळाला वळसा घालून निघाली. वरच्या मजल्याच्या दारातून धाकटा बाहेर येताना थोरल्याला दिसला. दोन रक्षकांनी त्याला पदपथापर्यंत आणून सोडले आणि ते परत फिरले. त्याच्या खांद्याला फक्त लहान पिशवी होती. सामान बहुधा पुढे निघून गेले होते. तो तिथे उभा राहिला. बस समोरून गेली तेव्हा त्याने मान वर केली आणि दोघांची नजरानजर झाली. थोरल्याने काचेला तळवा लावला. धाकट्याने काहीच केले नाही. तो उलट्या दिशेने चालू लागला, आणि ती दिशा घराची नव्हती.

केंद्र म्हणजे एक रिकामे केलेले वसतिगृह होते. खोलीत लोखंडी खाट, नवी चादर, उंचावर एक खिडकी. दाराबाहेर स्टुलावर जेवणाचे पाकीट ठेवून कोणीतरी दार ठोठावून निघून गेले. थोरल्याने ते उचलले नाही. दुपार केव्हाच कलली होती. बाईंचा फोन आला तेव्हा त्याने तो पहिल्याच घंटेला उचलला.

‘‘अरे, कोणीच आलं नाही की! तू नाहीस, तो नाही. तिच्या ओठांवर मी पाण्याचा बोळा फिरवतेय. ती सारखी दाराकडे बघते. मी देऊ का रे त्या नळीतून थोडंसं?’’

‘‘नाही बाई! हात लावू नका, तुमच्या पाया पडतो. तो येईल.’’

‘‘कोण येईल? कधी?’’

‘‘येईल,’’ थोरला म्हणाला, आणि त्या शब्दाला आपल्याजवळ काडीचाही आधार नाही हे जाणवून त्याने कपाळ भिंतीला टेकले.

त्यानंतर त्याने नवस बोलला नाही, कोणाला शापही दिला नाही. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तो फिरत राहिला. मनात एकच चित्र होते: धाकटा कुठल्यातरी बाकावर बसला आहे, आणि उठत नाही. त्याला दोष द्यायला जागा नव्हती. बिल्ला गेला होता, सुटका गेली होती, आणि ती नेणारा सख्खा भाऊ होता.

ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर चढले तेव्हा फोन वाजला. धाकट्याचा होता. थोरला ‘बारक्या’ म्हणाला, पण पलीकडून उत्तर आले नाही. भांड्याचा आवाज आला. बाई काहीतरी म्हणाल्या, दार लागले. मग आईचा तो घशातला, घरघरणारा आवाज, जो फक्त दोघांनाच बोलण्यासारखा वाटे. त्यानंतर बराच वेळ काही नाही. एवढ्या वेळात काय चालले असेल, याचा विचार न करण्याचा थोरल्याने प्रयत्न केला आणि तो त्याला जमला नाही.

‘‘बारक्या, नळी...’’

‘‘तपासली,’’ धाकटा म्हणाला. ‘‘बाईंसमोर तपासली. त्यांना बाजूला बसवून घेतलंय. यापुढे रोज बसवणार. मी एकटा नाही देणार.’’

‘‘बरं केलंस.’’

‘‘मला बरं म्हणू नकोस.’’ त्याचा श्वास जड येत होता. ‘‘तुझे चौदा दिवस संपले की तू इथे ये. तू दारात आलास की मी बाहेर पडणार. कुठे ते विचारायचं नाही. किती दिवस ते विचारायचं नाही.’’

‘‘नाही विचारणार.’’

‘‘ठेकेदाराचा फोन येऊन गेला. नावाने हाक मारली त्याने मला. पहिल्यांदा. नंतर शिव्या दिल्या.’’

 पलीकडे आई पुन्हा घरघरली.

‘‘ती तुला विचारतेय बहुतेक,’’ धाकटा म्हणाला. ‘‘की मला, कोण जाणे. तिला सांगू काय?’’

‘‘काही सांगू नकोस. उजव्या कुशीवर घे तिला. डावी लाल झालीय म्हणालास ना.’’

‘‘घेतो.’’

फोन बंद न करताच त्याने तो कुठेतरी ठेवला. चादर ओढल्याचा आवाज आला, खाट करकरली, धाकटा दातांत शब्द दाबून ‘‘हं, हं, आई, झालं’’ असे म्हणत राहिला. थोरला खोलीच्या मधोमध उभा राहून, फोन कानाशी धरून, दुसरा हात अधांतरी पुढे करून ऐकत होता.